रायगड किल्ला की रायगड जिल्हा: मराठी पान एआयला नीट कळावं म्हणून स्कीमा कसं लावायचं

रायगड नावाच्या किती गोष्टी आहेत ते आधी बघा. एक महाड तालुक्यातला किल्ला, ज्याला पूर्वी रायरी म्हणायचे. एक जिल्हा, जो १९८१ पर्यंत कुलाबा होता. छत्तीसगडमध्ये रायगढ आहे, मध्य प्रदेशात राजगढ आहे, पुणे जिल्ह्यात राजगड किल्ला आहे आणि आता वेल्हे तालुक्याचं नाव पण राजगड झालंय. त्यात इंग्रजीत लिहिताना कोणी शेवटी नुसता डी लिहितं, कोणी आरएच लावतं. आपण माणसं "पाचाडला उतरा" (पाचाड हे गडाच्या पायथ्याचं गाव) एवढं वाचलं तरी ओळखतो की किल्ल्याबद्दल चाललंय. चॅटजीपीटी, जेमिनाय, पर्प्लेक्सिटी, क्लॉड यांच्यासाठी पान शोधणाऱ्या यंत्रणेला मात्र हा फरक कुठूनतरी स्पष्ट मिळावा लागतो, आणि तो जर एखाद्या इंग्रजी ट्रॅव्हल साइटवर स्पष्ट मिळाला आणि तुमच्या मराठी पानावर नाही मिळाला, तर लिंक त्या साइटची लागणार, मग तुम्ही गड पायाखाली घालून कितीही मेहनतीने लिहिलेलं असो.

म्हणून हा लेख. स्कीमा किंवा स्ट्रक्चर्ड डेटा म्हणजे पानावर काय आहे, कोणी लिहिलंय, कधी लिहिलंय, कुठल्या जागेबद्दल आहे हे मशीनला वाचता येईल अशा ठरलेल्या साच्यात पानाच्या कोडमध्ये लिहून ठेवणं. कोडिंग येत नसेल तरी चालेल, वर्डप्रेस किंवा ब्लॉगरवर लेख टाकता येत असेल तर हे जमतं. उदाहरण म्हणून सगळीकडे रायगड किल्ल्यावरचा एक लेख घेतो. तुमचा विषय आंब्याची लागवड असो की नाट्यसंगीत, रीत तीच.

आधी अपेक्षा नीट ठेवा

गूगलने स्वतःच्या मदत पानांवर सरळ लिहिलंय की एआय ओव्हरव्ह्यू किंवा एआय मोडमध्ये (गूगल सर्चमध्ये एआयने लिहिलेल्या उत्तरांत) यायला वेगळं काही खास स्कीमा लागत नाही, नेहमीच्या सर्चला जे लागतं तेच लागतं, फक्त स्ट्रक्चर्ड डेटा लावला असेल तर तो पानावर दिसणाऱ्या मजकुराशी जुळला पाहिजे. बिंगच्या बाजूने मायक्रोसॉफ्टच्या लोकांनी २०२५ मध्ये सांगितलं की स्कीमामुळे त्यांच्या मॉडेल्सना मजकूर समजायला मदत होते. दोन्ही एकत्र धरली की चित्र असं की स्कीमा लावल्याने सायटेशन (म्हणजे एआयच्या उत्तराखाली तुमच्या पानाची लिंक) नक्की मिळतं असं कोणीच म्हणत नाहीये, पण ओळख पक्की करायला ते उपयोगी आहे. त्यामुळे "एआय स्कीमा पॅकेज" म्हणून कोणी हजारो रुपये मागत असेल तर देऊ नका. खाली जे आहे ते सगळं फुकट होतं.

उत्तर तयार कसं होतं तेही थोडक्यात कळू दे, म्हणजे पुढच्या पायऱ्या का आहेत ते लक्षात येईल. माणूस प्रश्न विचारतो, एआय त्या प्रश्नाचे एक-दोन किंवा जास्त सर्च करतो, इंडेक्समधून (सर्च इंजिनने आधीच नोंदवून ठेवलेल्या पानांतून) काही पानं येतात, त्या पानांतले उपयोगी तुकडे उचलले जातात आणि त्यावरून उत्तर लिहून खाली लिंक दिल्या जातात. स्ट्रक्चर्ड डेटाचं काम मुख्यतः इंडेक्सच्या टप्प्यावर असतं, म्हणजे हे पान कशाबद्दल, कोणाचं, किती ताजं. तुकडा उचलताना बऱ्याचदा पानाचं साधं टेक्स्ट करून घेतलं जातं आणि त्यात स्क्रिप्टचा भाग गळून पडू शकतो, आणि आपला स्कीमा बसतो नेमका स्क्रिप्टमध्येच. म्हणून फक्त स्कीमामध्ये लिहिलेली आणि पानावर न दिसणारी माहिती कामाची नाही. हे पक्कं ठेवा: दिसणारा मजकूर आधी, स्कीमा त्याच्यावर.

पायरी १: मजकूर खरंच मजकूर आहे का ते बघा

हे मराठीसाठी जरा जास्तच महत्त्वाचं आहे म्हणून इथे थांबतोय. आपल्याकडे अजून खूप साइट्सवर लेख श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेले आहेत, किंवा त्या फॉन्टमधल्या पीडीएफ तशाच चढवलेल्या आहेत. डोळ्याला ते देवनागरी दिसतं पण आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात. तपासायची सोपी पद्धत: पानावरच्या दोन ओळी कॉपी करून व्हॉट्सॲपमध्ये स्वतःलाच पाठवा. मराठी दिसलं तर युनिकोड (कुठल्याही मशीनला कळणारं मराठी टायपिंग) आहे, अगम्य इंग्रजी खिचडी दिसली तर मशीनलाही तेच दिसतंय. युनिकोडमध्ये बदलून देणारे कन्व्हर्टर नेटवर फुकट मिळतात, ते वापरा आणि बदललेला मजकूर एकदा डोळ्याखालून घाला, कारण रफार आणि जोडाक्षरं हमखास हुकतात.

दुसरं म्हणजे लेख कॉपी होऊ नये म्हणून पूर्ण मजकूर इमेज करून टाकणारे. त्यांचा राग कळतो, मराठी मजकूर न विचारता उचलणारे खरंच भरपूर आहेत. पण इमेजमधला लेख कोणी सायट करणार नाही, तुमचं नाव कुठेच येणार नाही, आणि ज्याला चोरायचंय तो टाइप करून चोरेलच.

मग वाक्यं. तुकडे उचलले जातात म्हटलं ना, तर प्रत्येक महत्त्वाचं वाक्य एकटं उभं राहिलं पाहिजे. हे बघा:

"महाराजांचा राज्याभिषेक इथेच झाला. इथे यायला रोपवेची पण सोय आहे."

वाचायला छान आहे, पण लेखातून बाहेर काढलं की "इथे" म्हणजे कुठे? त्याऐवजी:

"रायगड किल्ला महाड तालुक्यात आहे. छत्रपती शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक ६ जून १६७४ रोजी रायगडावर झाला. गडावर जायला पायऱ्यांची वाट आहे आणि रोपवे आहे."

सगळा लेख असा कोरडा करायची काहीच गरज नाही, तुमची लिहायची ढब तुमचीच ठेवा. फक्त प्रत्येक उपशीर्षकाखालचं पहिलं एखाद-दुसरं वाक्य असं नावागावासकट लिहा आणि मग पुढे मोकळं लिहा. उपशीर्षकं पण खरी हेडिंग म्हणून द्या, नुसतं बोल्ड करून मोठं केलेलं चालत नाही. तिकीट, वेळा, अंतरं असं काही असेल तर साधा टेबल करा. आणि पानाच्या एचटीएमएल टॅगमध्ये भाषा मराठी म्हणून नोंदवलेली आहे का बघा. वर्डप्रेसमध्ये सेटिंग्जमधली साइट लँग्वेज मराठी केली की सहसा ते आपोआप होतं. बऱ्याच मराठी साइट्सवर तिथे अजून इंग्रजी-अमेरिका असतं.

पायरी २: दार उघडं आहे का

साइटच्या पत्त्यापुढे स्लॅश देऊन रोबॉट्स डॉट टीएक्सटी टाइप करा, एक साधी फाइल उघडेल. तिथे कुठल्या बॉटला, म्हणजे पानं वाचत फिरणाऱ्या प्रोग्रॅमला (यालाच क्रॉलरही म्हणतात), आत यायला मनाई आहे ते दिसतं. कंपन्यांचे बॉट कामाप्रमाणे वेगळे आहेत हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. ओपनएआयचा जीपीटीबॉट मॉडेल शिकवायला मजकूर गोळा करतो, ओएआय-सर्चबॉट सर्चमध्ये दाखवण्यासाठी येतो आणि चॅटजीपीटी-युजर हा कोणीतरी प्रश्न विचारल्यावर पान उघडायला येतो. अँथ्रॉपिकचेही क्लॉडबॉट, क्लॉड-सर्चबॉट, क्लॉड-युजर असे तीन आहेत. म्हणजे तुमचा मजकूर ट्रेनिंगला जाऊ नये पण सायटेशन मात्र मिळावं असं वाटत असेल तर पहिल्या प्रकारच्या बॉटला नाही म्हणून बाकीच्यांना आत घेता येतं. काय करायचं तो ज्याचा त्याचा निर्णय, पण विचार करून करा, कुठल्यातरी व्हिडिओत बघून सरसकट सगळे ब्लॉक केलेत आणि मग एआय माझी लिंक देत नाही म्हणालात तर त्याला इलाज नाही.

गूगलचं जरा वेगळं आहे. एआय ओव्हरव्ह्यूसाठी नेहमीचा गूगलबॉटच येतो, गूगल-एक्स्टेंडेड (गूगलच्या एआय मॉडेल्सना तुमचा मजकूर वापरू द्यायचा का ते सांगणारं रोबॉट्स फाइलमधलं नाव) बंद केल्याने सर्चवर परिणाम होत नाही. पण पानावर नोस्निपेट (पानातला उतारा सर्चमध्ये दाखवू नका अशी सूचना) लावलेलं असेल तर एआय उत्तरातही मजकूर वापरला जात नाही, तेवढं एसईओ प्लगिनमध्ये बघून घ्या.

क्लाउडफ्लेअर वापरत असाल तर तिथल्या डॅशबोर्डवर जरूर जा. २०२५ च्या जुलैपासून त्यांनी नव्या साइट्सवर एआय क्रॉलर मुळातच अडवायला सुरुवात केली, त्यामुळे रोबॉट्स फाइल मोकळी असूनही दार बंद असू शकतं.

आणि जावास्क्रिप्ट. गूगलबॉट जावास्क्रिप्ट चालवून पान बघतो, एआयवाले बहुतेक क्रॉलर तसं करत नाहीत, ते सर्व्हरकडून आलेलं पहिलं एचटीएमएलच वाचतात. म्हणून ब्राउझरमध्ये राइट क्लिक करून व्ह्यू पेज सोर्स उघडा आणि तुमच्या लेखातलं एखादं वाक्य शोधा. सापडलं तर बरं. नाही सापडलं तर थीम किंवा पेज बिल्डर बदलायचा विचार करा, स्कीमा नंतर. स्कीमासुद्धा टॅग मॅनेजरमधून (म्हणजे बाहेरून, जावास्क्रिप्टने) टाकलेला असेल तर तो इथे दिसणार नाही, तेव्हा तो थेट पानातच असू द्या.

पायरी ३: स्कीमाचा सांगाडा

स्कीमा डॉट ऑर्ग हा शब्दांचा सामायिक कोश गूगल, बिंग आणि याहूने मिळून २०११ मध्ये काढला, त्याच वर्षी यांडेक्सही आलं. हे शब्द पानात लिहायच्या तीन पद्धती आहेत, मायक्रोडेटा, आरडीएफए आणि जेसन-एलडी. तुम्ही तिसरीच घ्या. गूगल पण तीच सुचवतं, आणि ती वेगळ्या एका स्क्रिप्टच्या डब्यात बसते त्यामुळे लेखाच्या एचटीएमएलला हात लावायला लागत नाही. हा डबा पानाच्या हेडमध्ये असला तरी चालतो, बॉडीमध्ये असला तरी चालतो.

खाली मी सगळी नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय. प्रत्यक्ष कोडमध्ये ती इंग्रजी अक्षरांत, स्कीमा डॉट ऑर्गवर आहेत तशीच, कॅपिटल-स्मॉलसकट टाकायची. उजवीकडे भरायचा मजकूर मराठीत असला तरी काही बिघडत नाही.

टाइप: आर्टिकल
हेडलाइन: रायगड किल्ला: वाट, रोपवे आणि गडावर काय बघायचं
इन-लँग्वेज: मराठीचा दोन अक्षरी कोड, एम आर
ऑथर: टाइप पर्सन, नाव, आणि तुमच्या ओळख-पानाची लिंक
पब्लिशर: टाइप ऑर्गनायझेशन, साइटचं नाव, लोगो
डेट-पब्लिश्ड: लेख पहिल्यांदा टाकला ती तारीख
डेट-मॉडिफाइड: शेवटचा खरा बदल केला ती तारीख
मेन-एन्टिटी-ऑफ-पेज: या पानाचा पक्का पत्ता
अबाउट: लेख ज्या जागेबद्दल आहे ती जागा (हे पुढच्या पायरीत)

एवढंच. हेडलाइन म्हणजे पानावर दिसतं तेच शीर्षक, वेगळं भडक काही नाही.

मराठी टाइप करणाऱ्यांना इथे हटकून अडचणी येतात त्या सांगून ठेवतो. तारीख वर्ष-महिना-दिवस अशी आणि इंग्रजी आकड्यांतच लागते. पानावर "६ जून १६७४" असं देवनागरीत खुशाल लिहा पण कोडमध्ये देवनागरी आकडे टाकले की तारीख अवैध ठरते. वेळ पण देणार असाल तर शेवटी भारतीय वेळेचं अधिक साडेपाच तास जोडा. अवतरण चिन्हं सरळ हवीत, फोनच्या कीबोर्डवरून किंवा वर्डमधून कॉपी केलं की ती वळणदार होतात आणि पूर्ण डबाच मोडतो. शीर्षकातच दुहेरी अवतरण असेल तर त्याच्या आधी उलटा स्लॅश द्या, किंवा सरळ एकेरी वापरा. शेवटच्या ओळीनंतर स्वल्पविराम नको. आणि प्लगिनने तुमची मराठी अक्षरं उलटा स्लॅश-यू आणि आकडे अशी करून टाकली तर घाबरू नका, ते बरोबरच असतं, मशीन त्याचं मराठीच वाचतं.

पायरी ४: जागेची ओळख, इथे खरा वेळ द्या

बहुतेक लोक आर्टिकलपर्यंत येऊन थांबतात. प्लगिन पण तिथवरच आणून सोडतं. पण लेख कोणाचा हे सांगून झालं तरी लेख कशाचा हे राहिलंच, आणि सुरुवातीला जो रायगड-राजगडचा गुंता सांगितला तो सुटतो अबाउटमध्ये.

किल्ल्यासाठी टाइप म्हणून लँडमार्क्स-ऑर-हिस्टॉरिकल-बिल्डिंग्ज घ्या, पर्यटनाच्या अंगाने लेख असेल तर टूरिस्ट-अट्रॅक्शन पण जोडता येतं, एका गोष्टीला दोन टाइप देता येतात. जिल्ह्यावर लेख असता तर टाइप झाला असता ॲडमिनिस्ट्रेटिव्ह-एरिया. बघा, नुसत्या टाइपने किल्ला आणि जिल्हा वेगळे झाले.

मग नाव: रायगड किल्ला. त्याखाली अल्टरनेट-नेम, आणि इथे हात सैल सोडा. रायगड, किल्ले रायगड, दुर्गराज रायगड, रायरी, इंग्रजी अक्षरांतलं डीवालं स्पेलिंग, आरएचवालं स्पेलिंग, सगळी द्या, चौकटी कंसात स्वल्पविरामाने. लोक प्रश्न विचारताना अर्ध्या वेळा इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करतात, तुमचं पान देवनागरीत असतं, या दोघांना जोडणारा धागा हाच. आपल्याकडे जिल्ह्यांची नावं बदललीत तिथे तर हे करायलाच हवं: छत्रपती संभाजीनगर लिहिलं तर अल्टरनेट-नेममध्ये औरंगाबाद, धाराशिवला उस्मानाबाद, अहिल्यानगरला अहमदनगर. आणि ही जुनी नावं लेखात पण एकदा तरी यायला हवीत, नुसती कोडमध्ये ठेवू नका.

पुढे कंटेन्ड-इन-प्लेस: महाड तालुका, आणि त्याच्या आत रायगड जिल्हा, त्याच्या आत महाराष्ट्र. राजगडवर लिहीत असाल तर इथे पुणे जिल्हा येतो आणि गोंधळ तिथेच संपतो. जिओ म्हणून अक्षांश-रेखांश द्यायचे असतील तर नकाशावरून स्वतः बघून द्या, पार्किंगचे देऊ नका, गडाचे द्या.

सगळ्यात कामाची ओळ सेम-ॲज. म्हणजे "मी ज्याच्याबद्दल बोलतोय ती हीच गोष्ट" असं सांगणारी लिंक. विकिडेटावर (विकिपीडियाच्या जोडीचा, प्रत्येक गोष्टीला एक नंबर देणारा खुला माहितीसाठा) जा, रायगड शोधा, यादीत किल्ला, जिल्हा, छत्तीसगडचं शहर असे वेगळे नोंदपत्ते दिसतील, त्यातला किल्ल्याचा उघडून वर्णन वाचून खात्री करा आणि तो पत्ता इथे टाका. सोबत मराठी विकिपीडियावरच्या किल्ल्याच्या लेखाचा पत्ता. विकिडेटावरचा क्यू-नंबर, म्हणजे त्या नोंदीचा क्यूने सुरू होणारा नंबर, भाषेवर अवलंबून नसतो, त्यामुळे तुमचं मराठी पान आणि कोणाचं फ्रेंचमधलं पान एकाच गोष्टीबद्दल आहे हे मशीनला कळतं. मराठी लिहिणाऱ्यासाठी याच्याइतकं सरळ साधन दुसरं मला दिसत नाही.

आणि एक विनंती. तिथे गेलात आणि तुमच्या गावाच्या, देवळाच्या, लेण्याच्या नोंदीला मराठी नाव नाही असं दिसलं, तर लगेच घाला. कोणालाही घालता येतं, दोन मिनिटं लागतात. छोट्या गडांना आणि नद्यांना बऱ्याचदा फक्त इंग्रजी लेबल असतं आणि तेही चुकीच्या स्पेलिंगचं. ते दुरुस्त केलं की फायदा तुमच्या एकट्याच्या पानाला होत नाही, त्या जागेवर मराठीत लिहिणाऱ्या प्रत्येकाला होतो.

लेखासाठी काय काय वाचलंत ते सायटेशन नावाच्या ओळीत देता येतं. १८८३ चं कुलाबा गॅझेटियर बघितलं असेल तर ते, युनेस्कोचं पान बघितलं असेल तर ते. अर्थात लेखातही "गॅझेटियरमध्ये असं दिलंय" हे दिसू द्या. आधार दाखवणाऱ्या पानावर माणसाचाही विश्वास बसतो.

पायरी ५: लेखक कोण

ॲडमिन. मराठी साइट्सवर लेखकाच्या जागी हे नाव किती वेळा दिसतं! गड चढून, माहिती तपासून, फोटो काढून लेख लिहिणारा माणूस ॲडमिन का असेल? आपलं नाव लावा. साइटवर एक ओळख-पान करा, त्यात तुम्ही कोण, कुठल्या विषयावर किती काळ लिहिताय हे साध्या शब्दांत लिहा, आणि ऑथरच्या यूआरएलमध्ये त्याच पानाची लिंक द्या. तिथल्या पर्सन स्कीमामध्ये सेम-ॲज म्हणून तुमचं यूट्यूब, इन्स्टा वगैरे, नोज-अबाउट म्हणून विषय. नाव सगळीकडे एकच ठेवा, एका लेखात पूर्ण नाव, दुसऱ्यात टोपणनाव, तिसऱ्यात इंग्रजी इनिशियल असं नको. टोपणनावानेच लिहायचं असेल तर तेही चालतं, पण मग तेच एक सगळीकडे.

आयडी म्हणून एक ओळ असते ती इथे वापरा. ओळख-पानाचा पत्ता आणि त्यापुढे हॅश देऊन एक शब्द, झाला तुमचा आयडी. प्रत्येक लेखात ऑथरला तोच आयडी दिला की वीस लेख वीस वेगळ्या माणसांचे न दिसता एकाचे दिसतात. साइटलाही असाच एक आयडी द्या.

तारखा, एफएक्यू आणि बाकी किरकोळ

डेट-मॉडिफाइड खरा बदल केल्यावरच बदला. खरा बदल म्हणजे काय, तर २०२५ च्या जुलैमध्ये मराठ्यांचे १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, ११ महाराष्ट्रातले आणि जिंजी तमिळनाडूतला, आणि रायगड त्यात आहे. तुमचा लेख आधीचा असेल तर ही ओळ घाला आणि तारीख बदला. स्वल्पविराम हलवून रोज तारीख ताजी करणाऱ्या प्लगिनच्या नादी लागू नका. पानावरही "शेवटचा बदल" म्हणून तीच तारीख दिसली पाहिजे.

एफएक्यू स्कीमा, म्हणजे प्रश्न-उत्तरांचा स्कीमा, लावा असं अजून सगळे सांगतात. गूगलने २०२३ च्या ऑगस्टमध्येच ते सर्चमध्ये दाखवणं सरकारी आणि आरोग्याच्या नामांकित साइट्सपुरतं ठेवलं आणि हाऊ-टूचं (पायरीपायरीने कृती सांगणाऱ्या स्कीमाचं) तर त्याच सुमारास बंदच केलं. प्रश्न-उत्तरं पानावर असणं मात्र चांगलंच, लोक एआयला विचारतात तसेच ते प्रश्न असतात. तेव्हा लिहा, पण वाचकाला खरंच पडणारे लिहा, जसं "पावसाळ्यात रोपवे चालू असतो का", "वयस्कर आईवडिलांना घेऊन जाता येईल का".

एलएलएम्स डॉट टीएक्सटी नावाची, एआयला साइटची ओळख करून देणारी फाइल करायला सांगतात, ही २०२४ मध्ये पुढे आलेली कल्पना आहे. गूगल म्हणतं आम्हाला अशी फाइल लागत नाही. नवख्याने तिच्यात वेळ घालवू नये असं माझं मत.

पानाचा पत्ता छोटा आणि इंग्रजी अक्षरांत ठेवा. देवनागरी पत्ता चालतो, पण कॉपी केला की टक्क्याच्या चिन्हांची लांबलचक माळ होते आणि कुठेतरी अर्धवट तुटते. जुने पत्ते बदलायच्या फंदात पडू नका, नवीन लेखांपासून करा.

पायरी ६: प्रत्यक्ष लावायचं कसं

वर्डप्रेसवर योस्ट किंवा रँक मॅथ यातलं एक असेल तर आर्टिकल, ऑथर, पब्लिशर, तारखा हे तेच भरतं, तुम्ही फक्त सेटिंगमध्ये साइट व्यक्तीची की संस्थेची ते, लोगो आणि प्रोफाइलच्या लिंक नीट भरा. दोन्ही प्लगिन एकदम ठेवू नका. कित्येक थीम स्वतःचा पण स्कीमा टाकतात, मग एका पानावर दोन आर्टिकल, दोन लेखक, दोन तारखा. एकच ठेवा. अबाउटचा भाग कस्टम एचटीएमएल ब्लॉकमधून किंवा कोड स्निपेट टाकायच्या प्लगिनमधून जोडा, आणि त्यात प्लगिनने दिलेला आर्टिकलचा आयडीच वापरा म्हणजे ते एकाच लेखाबद्दल आहे हे जुळतं. वर्डप्रेस डॉट कॉमच्या फुकट खात्यावर स्क्रिप्ट काढून टाकली जाते, तिथे दिसणाऱ्या मजकुरावरच भर द्या. ब्लॉगरवर पोस्ट एडिटरमध्ये एचटीएमएल व्ह्यू उघडून लेखाच्या शेवटी डबा चिकटवा आणि मग परत कंपोज व्ह्यूमध्ये जाऊन उगाच काही हलवू नका.

डबा स्वतः लिहायचा कंटाळा येत असेल तर एआयकडूनच लिहून घ्या, त्यात काही गैर नाही. पण विकिडेटाचा नंबर आणि अक्षांश-रेखांश त्याने दिलेले तसेच ठेवू नका. प्रत्येक लिंक उघडून बघा, हे नंबर एआय बिनधास्त चुकीचे देतो आणि मग तुमचा रायगड किल्ला भलत्याच गावाला जोडला जातो.

पायरी ७: तपासणी

दोन ठिकाणी. स्कीमा मार्कअप व्हॅलिडेटर सगळे टाइप तपासतो, अबाउट, सेम-ॲज सगळं झाडासारखं उलगडून दाखवतो. गूगलचा रिच रिझल्ट्स टेस्ट (रिच रिझल्ट म्हणजे सर्चमध्ये तारे, फोटो वगैरेंसकट दिसणारा निकाल) फक्त गूगल जे दाखवतं तेवढंच तपासतो, त्यामुळे तिथे किल्ल्याचा भाग दिसला नाही तर ती चूक नाही. लाल एरर सगळे काढा. पिवळ्या सूचना वाचा, पण त्या घालवायला खोटी माहिती भरू नका. विशेषतः रेटिंग. कोणीही न दिलेले पाच तारे स्कीमामध्ये टाकणं, पानावर नसलेली माहिती टाकणं, यावर गूगल कारवाई करतं आणि रिच रिझल्टची पात्रता जाते.

मग सर्च कन्सोलमध्ये (साइटच्या मालकांसाठीचं गूगलचं फुकट साधन) पान इंडेक्स करायची विनंती टाका, आणि बिंग वेबमास्टर टूल्सवर पण साइट नोंदवा, तिथे सर्च कन्सोलवरून सगळं थेट आणता येतं. मराठी साइटवाले बिंगकडे बघतच नाहीत, पण कोपायलटची उत्तरं बिंगच्या इंडेक्सवरून येतात.

काही आठवडे गेले की ॲनालिटिक्समध्ये ट्रॅफिक कुठून येतंय ते बघा, चॅटजीपीटीवरून येणाऱ्या लिंकना त्यांचा यूटीएम सोर्स (पत्त्याच्या शेवटी जोडलेली, वाचक कुठून आला ते सांगणारी खूण) लागलेला असतो, पर्प्लेक्सिटी रेफरलमध्ये दिसतं. जोडीला लोक विचारतील तसे चार-पाच प्रश्न लिहून ठेवा, काही देवनागरीत, काही इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत, आणि ते अधूनमधून वेगवेगळ्या एआयला विचारून कोणाच्या लिंक येतात ते पानं उघडून वाचा. एकाच वेळी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याला वेगळं येऊ शकतं, म्हणून एकदा लिंक नाही आली तर खचू नका. ज्या पानाची लिंक आली त्यात असं काय आहे जे तुमच्यात नाही ते बघा: बहुतेक वेळा त्या प्रश्नाचं थेट उत्तर एका वाक्यात तिथे लिहिलेलं असतं. ते तुमच्याकडे जास्त चांगलं माहीत असेल तर लिहा, बसचं वेळापत्रक, पाण्याची टाकी कुठली पिण्यालायक, पावसात कुठली वाट बंद असते, अशी माहिती गडावर जाणाऱ्यालाच असते.

सगळ्या जुन्या लेखांना एकदम हात घालू नका. ज्या लेखांवर लोक आजही येतात असे पाच निवडा, त्यांचं पायरी १ ते ७ पूर्ण करा, मग पुढचे पाच.